सकाळीच बांगड्या घट्ट का होतात?

आपल्याकडे सांध्यांच्या कोणत्याही दुखण्याला ‘वात’ म्हटले की चर्चा संपते. आजीचे गुडघे, आईच्या बोटांची सूज, मामांच्या पायाच्या अंगठ्याचा ठणका, सारे एकाच खात्यावर जमा होते. या सोयीच्या शब्दाची किंमत आमवाताच्या, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, रुग्णांना मोजावी लागते. झिजेच्या संधिवातात कूर्चा वर्षानुवर्षे हळूहळू झिजत जाते. आमवातात मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते आणि सुजलेले अस्तर शेजारचे हाड कुरतडू लागते. हे नुकसान भरून येत नाही. म्हणूनच पहिले काही महिने मोलाचे असतात.

हे महिने वाया जातात याचा सगळा दोष कौटुंबिक डॉक्टरांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. शंभर प्रौढांमागे सुमारे अठरा जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. आमवात मात्र दोनशेंत जेमतेम एकाला आढळला. म्हणजे ‘सांधे दुखतात’ असे सांगणाऱ्या पस्तीसेक जणांतून नेमका एक ओळखायचा. हे काम रुग्णाने नीट सांगितल्याखेरीज होत नाही.

मग सांगायचे काय? दुखते, एवढेच नव्हे. रात्री सैल असलेल्या बांगड्या सकाळी हातातून निघत नाहीत का? उठल्यावर मूठ वळायला, कणीक मळायला, कपडे पिळायला जमण्यासाठी अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ जातो का? झिजेच्या दुखण्यात आखडलेपण बहुधा थोड्याच वेळात सैल पडते. आमवातात ते रेंगाळते. बोटांच्या मुळांशी असलेल्या सांध्यांची रांग दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली, हस्तांदोलनात दाबली जाते तशी, की कळ येते का? पावलाच्या चवड्याचेही तसेच पाहावे. ही खूण आढळली, सकाळचे आखडलेपण लांबले किंवा तीन-चार सांधे सुजले, तर तज्ज्ञाकडे जाण्यास एवढे कारण पुरे.

येथे एक मोठा खोडा असतो, तो रक्ततपासणीच्या कागदाचा. ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे वात नाही’ असे म्हणून घरी परतलेले कितीतरी रुग्ण भेटतात. आजार सुरू होताना ही तपासणी अनेकांत निगेटिव्ह असते; उलट पूर्ण निरोगी वृद्धांतही ती कधी पॉझिटिव्ह येते. म्हणूनच ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की सांध्याला सूज असेल तर अहवाल नॉर्मल असला तरी रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे. युरोपीय तज्ज्ञांची शिफारस अशी, की लक्षणे सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाने रुग्णाला पाहावे आणि आजाराला आवर घालणारे औषध तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावे. आपल्याकडे चिकुनगुनियाच्या तापानंतरही सांधे दीर्घकाळ दुखतात, त्यामुळे घोटाळा वाढतो. पण सहा आठवडे उलटूनही सूज टिकून असेल तर ‘तापाचे राहिले आहे’ या समजुतीवर विसंबू नये.

दुसरा खोडा गोड असतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा कोणा वैदूची अनामिक पुडी घेतली की दुसऱ्याच दिवशी हात हलका होतो आणि तज्ज्ञाची भेट लांबते. पुढे भेट झालीच, तर सूज लपलेली असते. (सुजलेल्या हाताचे सकाळचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. ते फार उपयोगी पडते.)

तज्ज्ञ म्हणजे नेमके कोण, हेही अनेकांना ठाऊक नसते. हाडांचे डॉक्टर हे शल्यविशारद. आमवात पाहणारे ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाततज्ज्ञ. ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात. जवळ कोणी नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागातून सुरुवात करता येते. आपल्या डॉक्टरांना विचारायला संकोच नको: ‘डॉक्टर, हा आमवात असू शकेल का? संधिवाततज्ज्ञांसाठी चिठ्ठी द्याल का?’ त्या चिठ्ठीत त्रास कधी सुरू झाला, कोणते सांधे सुजले, सकाळी किती वेळ आखडतात आणि आजवर कोणती औषधे दिली, विशेषतः स्टेरॉइड दिले का, हे लिहून घ्यावे.

तज्ज्ञाकडून परतल्यावर पुन्हा आपले नेहमीचे डॉक्टरच लागतात, कारण औषध दीर्घकाळ चालते आणि रक्ततपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. बहुतेकांना प्रथम मेथोट्रेक्सेट मिळते. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून मूल हवे असल्यास आधीच सांगावे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. वार ठरवावा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या वारावर घरातल्या दुसऱ्या कोणी खूण करावी.