ईको विकून एसयूव्ही घ्यायचीय? आधी घरातली माणसं मोजा

समजा, बोईसरमधलं एक घर आहे. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं. बाबा तारापूर एमआयडीसीत कामाला. दारात दहा-बारा वर्षं जुनी ईको उभी आहे. दार सरकवायचं आणि सगळ्यांनी आत बसायचं, असा साधा हिशोब. लग्न असो, दवाखाना असो की चैत्रात महालक्ष्मीची यात्रा, सगळं कुटुंब एकाच गाडीत.

आता घरात चर्चा सुरू आहे: व्हॅन काढायची आणि एसयूव्ही घ्यायची. जीएसटी कमी झालाय, शेजाऱ्यांनी घेतलीय, मुलांना सनरूफ हवंय आणि पावसाळ्यात मनोर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून उंच गाडी बरी पडते.

पालघर, बोईसर, डहाणू, विक्रमगड, कुठेही ही चर्चा ऐकू येईल. पण या चर्चेत एक साधा प्रश्न राहून जातो: नव्या गाडीत सहावा माणूस बसणार कुठे?

हा विषय आत्ताच का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरच्या जीएसटीचे दर बदलले. आधी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर वेगवेगळा सेस लागायचा. आता सेस गेला आणि पेट्रोल-डिझेल-सीएनजी गाड्यांसाठी दोनच दर उरले, १८ टक्के आणि ४० टक्के.

लोकांची आवड त्याआधीच बदलली होती. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या जवळपास ६५ टक्के 'युटिलिटी व्हेइकल' म्हणजे एसयूव्ही आणि अर्टिगासारख्या एमपीव्ही होत्या. व्हॅन होत्या फक्त दीड लाखाच्या आसपास. १९८४ मध्ये आलेली ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. त्यानंतर घरगुती व्हॅन म्हणून बाजारात मुख्यतः ईकोच उरली, आणि तिचीही सात सीटर आवृत्ती आता मिळत नाही. पाच किंवा सहा सीट, एवढेच पर्याय आहेत.

कर ठरवताना सरकार काय बघतं?

गाडीच्या पाठीवर काय लिहिलंय, ते नाही. सरकार टेप आणि इंजिन बघतं.

गाडीची लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल किंवा सीएनजीचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत. या दोन्ही अटी पाळल्या तर कर १८ टक्के. एकही मोडली तर ४० टक्के.

म्हणून टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ या गाड्या १८ टक्क्यांत बसतात. मारुती ब्रेझाची लांबीही चार मीटरच्या आत आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं असल्यामुळे तिला ४० टक्के लागतो. अर्टिगाचं इंजिनही तेच आणि लांबी चार मीटरपेक्षा जास्त, म्हणजे तीही ४० टक्क्यांत.

मग फायदा कुणाला झाला?

कर नसलेल्या किमतीवर गणित करून पाहू.

छोटी पेट्रोल गाडी: मूळ किंमत ७ लाख. आधी २९ टक्के कर धरून ९.०३ लाख, आता ८.२६ लाख. वाचले ७७ हजार, म्हणजे किंमत साधारण ८.५ टक्क्यांनी उतरली.

मधली सात सीटर, अर्टिगाच्या वर्गातली: मूळ किंमत ८ लाख. आधी ४५ टक्के धरून ११.६० लाख, आता ११.२० लाख. वाचले ४० हजार, म्हणजे जेमतेम ३.४ टक्के.

मोठी एसयूव्ही: मूळ किंमत १२ लाख. आधी ५० टक्के धरून १८ लाख, आता १६.८० लाख. वाचले १ लाख २० हजार, म्हणजे ६.७ टक्के.

सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या गाडीला चांगला दिलासा मिळाला. मधल्या सात सीटर गाडीला सर्वात कमी. आणि व्हॅनमधून उतरणाऱ्या सहा-सात माणसांच्या कुटुंबाला नेमकी हीच मधली गाडी लागते.

त्यामुळे होतं काय, तर कुटुंब निघतं सात सीटर बघायला आणि शोरूममधून बाहेर पडतं पाच सीटर बुक करून. 'मुलं लहान आहेत, बसतील मांडीवर' असं म्हणून विषय संपतो. खरा धोका इथून सुरू होतो.

चारोटीचा पूल काय सांगतो?

बोईसरहून चिल्हार फाट्यामार्गे महालक्ष्मीला जाताना राष्ट्रीय महामार्ग ४८ वर सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी याच पुलाच्या कठड्यावर एक मर्सिडीज जीएलसी आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले एक जण, असे दोघे त्यात गेले. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

त्या अपघातात वेग आणि पुलाजवळच्या रस्त्याची रचना यांवरही बोट ठेवलं गेलं. पण गाडी कोणती होती ते बघा. जीएलसी ही कुटुंबाची क्रॉसओव्हर एसयूव्हीच. युरोपातल्या चाचणीत तिला पाच तारे मिळालेले. म्हणजे आपण ज्या प्रकारच्या गाडीचं स्वप्न बघतो, तिचंच कितीतरी महागडं रूप.

थोडं शाळेतलं विज्ञान. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर बेल्ट न लावलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. तो धक्का साधारण १४ मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या आसपासच्या उंचीवरून पडण्याइतका असतो. अशा वेळी मांडीवरचं १५ किलोचं मूल कुठल्याही आई-बापाच्या हातात राहू शकत नाही. आणि मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटवर आदळतो तेव्हा पुढच्यालाही घेऊन जातो.

कायदाही हेच सांगतो. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १,००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट नसेल तरी तेवढाच.

मग पाच तारे असलेली गाडी घेऊन उपयोग काय?

उपयोग नक्कीच आहे, पण तारे कशाचे हे माहीत हवं. भारत एनकॅप ही आपली चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आदळवतात, शिवाय बाजूने धडक देतात. आत पुढच्या सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे असतात, मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे. प्रत्येक पुतळा बेल्टने किंवा मुलांच्या सीटमध्ये नीट बांधलेला असतो.

म्हणजे तारे सांगतात की बांधलेला माणूस किती वाचेल. मांडीवरच्या मुलाबद्दल, मागे चौथा म्हणून कोंबून बसलेल्या काकांबद्दल आणि तिसऱ्या रांगेतल्या आजीबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

दुसरा गैरसमज एअरबॅगचा. २०२५ मध्ये ईको आणि अर्टिगा दोन्हींत सहा एअरबॅग सरसकट आल्या, हे चांगलंच झालं. पण एअरबॅगची संख्या म्हणजे सांगाड्याची ताकद नव्हे. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या ईकोला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते. २०२४ मध्ये आफ्रिकेसाठी भारतात बनलेल्या दोन एअरबॅगच्या अर्टिगाला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एक तारा मिळाला आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरला. आताच्या गाडीत एअरबॅग वाढल्यात, पण नवी चाचणी होईपर्यंत तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

म्हणून व्हॅन काढण्याचा विचार चुकीचा नाही. ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे चालकाच्या पायांपुढे धडक झेलायला जागा कमीच. महामार्गावर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग असते आणि वाढवण बंदर उभं राहिल्यावर ती आणखी वाढेल. मजबूत गाडी हवीच. फक्त ती सगळ्यांना पुरणारी हवी.

कुठल्या घराला कुठली गाडी?

घरात पाच किंवा कमी माणसं असतील तर चार मीटरच्या आतली पाच सीटर एसयूव्ही हा सरळ उत्तम सौदा आहे. कर १८ टक्के, आणि नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ यांना भारत एनकॅपचे पाच तारे आहेत. मात्र मागे तीन मोठी माणसं बसवून बघा. खांदे एकमेकांत अडकत असतील तर ती गाडी तुमच्यासाठी चार सीटरच.

सहा-सात माणसं आणि बजेट कमी असेल तर चार मीटरच्या आतल्या सात सीटर गाड्या आहेत. रेनो ट्रायबरची तिसरी रांग पुढे तोंड करून आहे. पण सातही सीट लावल्या तर डिकी ८४ लिटरची उरते, म्हणजे एक-दोन पिशव्या. बोलेरो आणि बोलेरो निओ खडकाळ रस्त्याला दणकट, पण त्यांच्या शेवटच्या दोन जागा बाजूला तोंड करून, समोरासमोर आहेत. अशी जागा मुलांना आवडते, पण धडकेत तीच सर्वात वाईट.

सहा-सात माणसं आणि रोजचा वापर असेल तर अर्टिगा, किया कॅरेन्स यांचा वर्ग. दिसायला 'एसयूव्ही' कमी वाटतील, पण व्हॅनचं काम याच गाड्या करतात. २०२४-२५ मध्ये अर्टिगा देशात सर्वाधिक खपलेल्या गाड्यांमध्ये होती, ती उगाच नाही.

बजेट मोठं असेल तर टाटा सफारी किंवा इनोव्हा हायक्रॉस. दोन्हींना तीन रांगा आणि भारत एनकॅपचे पाच तारे. पण हप्ताही त्याच मापाचा.

सीएनजी आणि आरटीओचा हिशोब

महाराष्ट्रात खासगी गाडीचा एकरकमी रस्ता कर इंधनावर आणि किमतीवर ठरतो. १० लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोलवर ११ टक्के, डिझेलवर १३ टक्के आणि सीएनजीवर, १ जुलै २०२५ च्या वाढीनंतर, ८ टक्के. साडेनऊ लाखांच्या गाडीला हा कर पेट्रोलमध्ये १ लाख ४ हजार ५००, डिझेलमध्ये १ लाख २३ हजार ५०० आणि सीएनजीत ७६ हजार पडतो. किंमत १० लाखांच्या वर गेली की दर एका टक्क्याने वाढतो, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. त्यामुळे २० हजारांची ॲक्सेसरी पॅकवाली आवृत्ती घेताना शोरूम किंमत १० लाख ओलांडते का, ते पाहा.

सीएनजीत वाचवताना जागा मोजा. अर्टिगाची टाकी तिसऱ्या रांगेमागे बसते, मग सात माणसं बसतात पण सामान नाही. सीएनजी ईको पाच सीटरच मिळते. टाटाने दोन छोट्या टाक्या खाली बसवून आणि मारुतीने व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीखाली नेऊन डिकी वाचवलीय, पण त्या गाड्या पाच सीटर आहेत.

शोरूममध्ये जाताना काय करायचं?

एकटे जाऊ नका, सगळं घर न्या. आजींना तिसऱ्या रांगेत स्वतः चढायला आणि उतरायला सांगा. व्हॅनच्या सरकत्या दारातून त्या सहज जात होत्या. इथे सीट पाडून, वाकून जावं लागेल. जमत नसेल तर ती सीट त्यांच्यासाठी नाहीच.

मग सगळे बसल्यावर प्रत्येकाने बेल्ट लावून बघा. मधल्या सीटला तीन बिंदूंचा, खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का? बाजूची पडदा एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येते का? मुलांची सीट अडकवायचे हुक किती जागांवर आहेत? विक्रेत्याकडून उत्तर तोंडी नको, माहितीपुस्तिकेतलं पान दाखवायला सांगा.

शेवटी जुन्या गाडीचा निर्णय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. व्हॅन त्या वयाला आली असेल तर अधिकृत केंद्रात स्क्रॅप करून मिळणारं प्रमाणपत्र जपा, नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते.

आणि वर्षातून चार-सहा वेळाच सातही जण एकत्र फिरत असतील, तर आणखी एक हिशोब आहे. रोजच्यासाठी चांगली पाच सीटर घ्या आणि यात्रेच्या, लग्नाच्या दिवशी उरलेल्यांसाठी दुसरी गाडी भाड्याने करा. हप्त्यातल्या फरकापेक्षा ते भाडं बहुतेक वेळा स्वस्तच पडेल.

एसयूव्ही घ्या, एमपीव्ही घ्या, नाहीतर सहा सीटची ईकोच ठेवा. नियम एकच: घरात जितकी माणसं, गाडीत तितके बेल्ट. सूर्या नदीच्या पुलावरून जाताना सनरूफ किती मोठं आहे याने काही फरक पडत नाही.