पूर ओसरला, आता गाळ उपसताना जपा

राजापूरकरांना पूर नवा नाही. अर्जुना आणि कोदवली या नद्या भरून वाहू लागल्या की जवाहर चौकात पाणी शिरते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पाणी चढत असताना प्रत्येक जण सावध असतो. सावधपणा सुटतो तो पाणी उतरल्यावर. गाळ ओला आहे तोवर निघतो, वाळला की फावड्याला दाद देत नाही. या घाईपोटी घरातले सत्तरीचे आजोबाही फावडे हाती घेतात. धोका असतो तो याच वेळी.

गाळाचे वजन डोळ्यांना फसवते. दहा लिटरची बादलीभर पाणी 10 किलो भरते; तीच बादली ओल्या गाळाची असेल तर 15 किलोंहून अधिक. शिवाय चिखल फावड्याला चिकटतो, पाय निसरतात, आणि वजन उचलताना आपण नकळत श्वास रोखून धरतो. श्वास रोखला की रक्तदाब एकदम वाढतो. चालण्यापेक्षा हातांच्या कामाने हृदयावर अधिक ताण येतो, हेही लक्षात ठेवावे. हिवाळ्यात अमेरिकेला मुलांकडे गेलेल्या वाचकांनी दारातला बर्फ फावड्याने काढणारे लोक पाहिले असतील. हृदयविकार असलेल्यांनी ते काम करू नये, असे तेथील डॉक्टर बजावतात. तिथे थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, ही आणखी एक भर. बाकी कारणे आपल्या गाळाचीच आहेत.

म्हणून ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी फावडे हाती घेऊच नये. इतर ज्येष्ठांनी करायचेच असेल तर सकाळच्या गोळ्या आणि न्याहारी चुकवू नये. फावडे अर्धेच भरावे. कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत, घमेले अंगाजवळ धरावे, कमरेतून पिळा देऊन गाळ फेकू नये. दहा मिनिटे काम, दहा मिनिटे विसावा. जवळ उकळून थंड केलेले पाणी असावे. बोलताना धाप लागू लागली की काम तिथेच थांबवावे.

घरात पाऊल टाकण्यापूर्वी वीज बंद असल्याची खात्री करावी. ओल्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये; जाणकाराला बोलवावे.

पुराच्या गाळात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगांतून, लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. मधुमेहींच्या पायांना जखम झाल्याचे कळतही नाही. त्यांनी काम संपल्यावर पाय साबणाने धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या कोणाकडून तळवे तपासून घ्यावेत. पाण्यात वा चिखलात वावर झाला असल्यास लगेच, शक्यतो तीन दिवसांच्या आत, डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यावे का, हे विचारावे. स्वतःहून गोळ्या घेऊ नयेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळ्यांत लाली आल्यास ‘गाळात काम केले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

छातीत दडपण, जबडा वा डाव्या हाताकडे सरकणारी कळ, दरदरून घाम, अचानक धाप, यांपैकी काहीही जाणवले तर ‘अंग मोडून आले असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये. मधुमेहींना छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. रुग्णाला बसवून ठेवावे, चालायला लावू नये, आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरातील तरुणांना एक सांगणे. ‘बाबा, तुम्ही बाजूला बसा’ एवढ्याने बाबा बसत नाहीत. हे दुकान, हे घर त्यांनी उभारलेले असते. ते चिखलात पाहवत नाही. त्यांना कोरड्या ओट्यावर खुर्ची द्यावी आणि भिजलेल्या वह्या, कागद, भांडी निवडण्याचे काम सोपवावे. कोणती वस्तू ठेवायची, कोणती टाकायची, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? आणि आजोबांनो, वाळलेला गाळ चार दिवस उशिराने का होईना, कुदळीने निघेल. तेवढा उशीर घराला परवडतो.