जुन्या पिकअपचें दुखणें व त्याचें निदान

येवला, अंदरसूल, लासलगांव या बाजारांकडे कांदा वाहून नेण्याचें काम बैलगाडीकडून ट्रॅक्टरकडे आणि ट्रॅक्टरकडून बऱ्याच अंशीं पिकअपकडे आलें, याला आतां बरींच वर्षें झालीं. गाडी घरची असली म्हणजे भाडेवाल्याची मिनतवारी नाहीं व लिलावाची वेळ साधतां येते, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु गाडी जुनी झाली कीं तीच ऐन हंगामांत खर्चाचें घर होऊन बसते. आमच्या मतें ह्या खर्चाचा मोठा भाग गाडीच्या जुनेपणाचा नसून चुकीच्या निदानाचा असतो, आणि तो टाळणें मालकाच्या हातीं आहे.

पूर्वीच्या डिझेल इंजिनांत पंप यांत्रिक होता. डिझेल किती व केव्हां सोडावयाचें हें तो पंपच ठरवी, आणि दोष असला तर अनुभवी मिस्त्री तो कानानें ओळखी. पुढें कॉमन रेल पद्धति निघाली. प्रवासी मोटारींत ती प्रथम १९९७ सालीं युरोपांत आली. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून बी. एस. ४ हें धूरनियंत्रणाचें मान देशभर लागू झाल्यावर नव्या पिकअपांत तिचा सर्रास प्रसार झाला. त्या वेळीं घेतलेल्या गाड्या आज जुन्यांत मोडतात. ह्या पद्धतींत पंपाचें काम केवळ दाब निर्माण करण्याचें. तो दाब एका जाड नळींत सांठविला जातो व पूर्ण भारावर हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. तेथून प्रत्येक नोझलनें किती डिझेल सोडावें हें ई. सी. एम. नांवाची विजेची पेटी ठरविते. तिला डोळे नाहींत. क्रँक कोठवर फिरला, पाणी किती तापलें, नळींत दाब किती, चालकाचा पाय पेडलवर किती, हें तिला निरनिराळे सेन्सर कळवितात, आणि ते जें सांगतील त्यावर तिचा हिशेब चालतो.

याचें एक मौजेचें उदाहरण देतों. पाण्याचें तापमान सांगणाऱ्या सेन्सरची तार तुटली म्हणजे स्कॅनरवर तो आंकडा बहुधा उणें ४० अंश असा दिसतो, व पी ०११८ हा संकेतांक नोंदला जातो. वैशाखांतल्या येवल्यांत उणें ४०! पेटी मग अंदाजानें काम चालविते. गाडी सकाळीं लवकर सुरू होत नाहीं, धूर वाढतो, डिझेल अधिक जळतें. येथें सेन्सर बदलून कांहींच साधत नाहीं, कारण तो निर्दोष आहे. कांदाचाळीशेजारीं गाडी उभी असतां उंदरानें तार कुरतडली आहे.

बोर्डावरचा पिवळा दिवा लागला कीं मालक घाबरतो व मिस्त्री स्कॅनर लावतो. स्कॅनरनें दाखविलेला संकेतांक हें रोग्यानें सांगितलेलें गाऱ्हाणें आहे, वैद्यानें केलेलें निदान नव्हे, हा भेद आमच्या वाचकांनीं पक्का ध्यानांत ठेवावा. पी ००८७ याचा अर्थ इतकाच कीं नळींतील दाब पाहिजे तितका चढत नाहीं. कां चढत नाहीं, तें यंत्र सांगत नाहीं. आधीं दाबाचा सेन्सर बदलला, गुण आला नाहीं म्हणून पंप काढला, मग नोझल, आणि शेवटीं चोंदलेला डिझेल फिल्टर बदलतांच गाडी ठीक झाली, असा क्रम आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिला आहे. वास्तविक सेन्सरची परीक्षा सोपी आहे. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर चावी फिरवावी, सेल्फ मारूं नये, व स्कॅनरवर दाबाचा आंकडा पाहावा. तो शून्याच्या आसपास पाहिजे. तेथेंच मोठा आंकडा दिसला तर सेन्सर किंवा त्याची तार संशयास पात्र. शून्य दिसला तर तूर्त सेन्सरला हात न लावतां डिझेलकडे वळावें.

कारण निम्म्याहून अधिक तक्रारींचें मूळ डिझेलच्या वाटेंत असतें, असें आमचें मत आहे. पानेवाडीचा इंधनसांठा आपल्याला जवळ असला तरी ट्रॅक्टरसाठीं घरीं पिंप भरून ठेवण्याची चाल गेलेली नाहीं. अर्धवट रिकाम्या पिंपांत पावसाळ्याच्या दमट हवेचें पाणी जमतें, तळाशीं गंज धरतो, आणि अडचणीच्या वेळीं तेंच डिझेल पिकअपमध्यें ओतलें जातें. जुना यांत्रिक पंप थोडी घाण सोशीत असे. कॉमन रेलचा पंप व नोझल यांचे भाग इतके बारीक घासलेले असतात कीं त्यांना पाण्याचा थेंबहि मारक होतो. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून निघालेलें डिझेल कांचेच्या बाटलींत धरावें व थोडा वेळ ठेवावें. पाणी असेल तर तें खालीं वेगळें दिसतें. ह्या परीक्षेला पैसाहि लागत नाहीं. तसेंच, टांकीपासून पंपापर्यंतचा रबरी नळ कडक होऊन चिरला तर डिझेल गळत नाहीं, उलट हवा आंत ओढली जाते. गाडी रात्रभर उभी राहिली कीं सकाळीं हातपंप मारल्यावांचून उठत नाहीं. त्या जागीं पारदर्शक नळीचा तुकडा घालून बुडबुडे पाहिले म्हणजे वाद संपतो.

यानंतर वीज. सेल्फ मारतांना बॅटरीचा दाब दहा व्होल्टच्या बराच खालीं गेला तर पेटी भलभलते संकेतांक नोंदूं लागते, व ते वाचून कोणी सेन्सर बदलले तर त्यांत सेन्सरचा काय दोष? खताच्या गोण्या वाहून वाहून चासीवरचे अर्थिंगचे बोल्ट गंजतात. ते खरवडून साफ करून पुन्हां आवळावे. इंजिनावर जोराच्या पाण्याची पिचकारी मारण्याची हौस मात्र सोडावी, कारण जोडांत शिरलेलें पाणी महिन्यानें हिरवा गंज होऊन बाहेर येतें.

गरम झाल्यावर बंद पडणारी व अर्ध्या तासानें आपोआप सुरू होणारी गाडी हा क्रँक सेन्सर खराब होण्याचा प्रसिद्ध प्रकार आहे. आंतील बारीक तारेची गुंडाळी तापली कीं उघडते, निवली कीं जुळते. म्हणून ही परीक्षा गाडी बंद असतांनाच, जागच्या जागीं केली पाहिजे. गॅरेजांत नेईपर्यंत ती निवते आणि मिस्त्री प्रामाणिकपणें सांगतो कीं कांहीं दोष नाहीं.

नोझलविषयीं एक इशारा. जुन्या गाडींत कोणतें नोझल काम करीत नाहीं हें पाहण्यासाठीं इंजिन चालूं असतां नळीचें नट सैल करीत असत. कॉमन रेलच्या गाडीवर हें कदापि करूं नये. त्या दाबाचें डिझेल कातडी भेदून आंत शिरतें व हात गमावण्याची पाळी येते. त्याऐवजीं प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला लहान बाटली लावून कोणती लौकर भरते तें पाहावें; जी इतरांहून पुष्कळ अधिक भरेल तें नोझल झिजलें आहे. मग एकच बदलावें लागतें, चार नव्हे.

इतकें सांगून सर्व दोष मिस्त्र्यांच्या माथीं मारणें आम्हांला मान्य नाहीं. दोन तास तपासून “फक्त तार तुटली होती” असें सांगणाऱ्या मिस्त्र्याला मालक शंभर रुपये देतांना कुरकुरतो, आणि हजारोंचा पंप बदलणाऱ्याला मुकाट्यानें देतो. तपासणीला मोल नसेल तर मिस्त्री आपला चरितार्थ सुट्या भागांतून काढणारच. तपासणीची मजुरी आधीं ठरवावी व ती खुशीनें द्यावी. परंतु कोणताहि महाग भाग बदलण्यापूर्वीं कोणतें माप घेतलें व तें किती आलें, हें विचारावें, आणि काढलेला जुना भाग घरीं आणावा.

स्कॅनर प्रत्येकानें घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. गांवच्या विविध कार्यकारी सोसायटीनें एक स्कॅनर व एक मल्टीमीटर घेऊन माफक भाड्यानें सभासदांस देणें सहज शक्य आहे. मात्र स्वस्तांतलें यंत्र पुष्कळदां केवळ संकेतांक वाचतें व चालूं दाब दाखवीत नाहीं. म्हणून गांवांतील दोन-तीन निरनिराळ्या गाड्यांना लावून पाहिल्यावांचून तें विकत घेऊं नये. यंत्राबरोबर एक वहीहि ठेवावी. तींत गाडी, तारीख, संकेतांक, घेतलेलें माप आणि अखेर कशानें गुण आला, हें लिहावें. उन्हाळ कांद्याची चाळ फोडण्यापूर्वीं ही व्यवस्था झाली तर तिचा उपयोग ह्याच हंगामांत होईल.