परसातले वर्कशॉप

नवे घर बांधायला काढले की आपल्याकडे बारीकसारीक गोष्टींचा मोठा खल होतो. तुळस कुठे यावी, देवघराचे तोंड कोणत्या दिशेला असावे, पडवीला जाळी लाकडी बसवावी की लोखंडी, ह्यावर वडीलधारी माणसे चार-चार दिवस बोलतात. पण ज्या कामावर त्या घराची चूल पेटते त्या कामाला जागा कोणती, हा प्रश्न फारसा कुणी विचारीत नाही. ते काम आंब्याच्या सावलीत, नाहीतर फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला व्हायचे, हे जणू ठरूनच गेलेले असते.

हे मी लिहितो आहे ते डिचोली तालुक्यातल्या पाळी ह्या माझ्या गावाकडे पाहून. आमच्यापैकी चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला शिकायला येणाऱ्यांना आमचा भाग वेगळा सांगायला नको; इतरांसाठी चार शब्द सांगतो. पाळी, वेळगे, सुर्ला, नावेली हा सारा खाणपट्टा. गोवा मुक्त होण्याच्या आधीपासून इकडचे लोहखनिज मांडवीतून बार्जींनी मुरगाव बंदराकडे जात आले. खाणीपासून जेटीपर्यंत माल वाहायला ट्रक लागले, आणि ते ट्रक गावच्या माणसांनीच घेतले. कुणी दागिने मोडले, कुणी कर्ज काढले. ट्रकबरोबर एक धंदाही आला, जो कुणी शाळेत शिकवला नव्हता. तो म्हणजे दुरुस्तीचा. तुटलेले पाटे बदलायचे, ब्रेकचे लायनर घालायचे, गिअरबॉक्स उतरवायचा, हे सारे मुले पाने हातात देता देता शिकली.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्यंतरी अटींवर काही सुरू झाल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून पुन्हा सारे ठप्प झाले. लिलाव होऊन २०२४ पासून डिचोलीकडे थोडी हालचाल दिसू लागली, पण जुने दिवस परत आले असे कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. खाणी असाव्यात की नसाव्यात ह्या वादात मी इथे शिरत नाही. त्यांनी शेताचे आणि विहिरीचे काय केले हे आम्ही पाहिले आहे, आणि त्यांनी कुणाची मुले शिकवली हेही पाहिले आहे. माझा मुद्दा हातांचा आहे. ट्रक अंगणात गंजले, काही भंगारात गेले. पण लोखंडाची भाषा समजणारे हात गावातच राहिले. आज त्यांच्यापुढे टिप्पर कमी येतात. पिकअप येते, टॅक्सी येते, शाळेची व्हॅन येते. आणि ह्या हातांचा धनी अजूनही पाठीखाली सिमेंटची रिकामी पिशवी पसरून गाडीखाली निजतो.

निजतो म्हणजे काय ते सांगतो. गाडी जॅकवर चढवायची, चाकाला दगड लावायचा आणि जॅकच्या भरवशावर खाली शिरायचे. फार काळजी घेणारा असेल तर तो आधाराला एक-दोन चिरे रचतो. आता चिरा हा आपल्या घरांचा जीव आहे हे खरे. पण भिंतीत चिऱ्यावर भार सारखा पसरलेला असतो. गाडीच्या चेसीचा भार एका टोकावर येतो आणि जांभा दगड अशा टोकाखाली फुटतो, तोही आधी न सांगता. जॅकचे तर कामच उचलण्याचे आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्यातले वॉशर झिजले की तेल हळूहळू मागे येते आणि गाडी बोटबोट खाली बसते. खाली निजलेल्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा बातम्या आपण पेपरात चार ओळींत वाचतो आणि पान उलटतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्या घरात गाडीचे काम होते त्या घराने पुढच्या कर्जातून पहिल्यांदा एक नीट शेड आणि गाडी उचलणारी लिफ्ट उभारावी. गाडी दुसरी, गेट तिसरे. लिफ्ट ही चैन आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतले बहुतेक स्वतः कधी गाडीखाली निजलेले नसतात.

यंत्र तसे फार गहन नाही. सतराव्या शतकात पास्कालने सांगितलेला नियम आपण अकरावी-बारावीत पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. एका नळीचे तोंड एक चौरस सेंटिमीटर आणि दुसरीचे शंभर असेल, तर इकडे वीस किलोचा रेटा दिला की तिकडे दोन हजार किलो उचलले जातात. फुकट मात्र काही मिळत नाही: तिकडे एक सेंटिमीटर वर न्यायला इकडे शंभर सेंटिमीटर रेटावे लागते. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा ह्या इंग्रज कारागिराने ह्याच नियमावर हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. पुढे १९२५ च्या सुमारास अमेरिकेत मेम्फिस शहरात पीटर लुनाटी ह्या गृहस्थाने गाडी उचलणारी लिफ्ट केली. न्हाव्याची वरखाली होणारी, फिरणारी खुर्ची पाहून त्याला ती सुचली असे सांगतात. म्हणजे सलूनमध्ये बसून राजकारणापलीकडेही काही सुचू शकते! आणि बेळगावच्या उद्यमबागेत तर हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात. घाटाच्या ह्या बाजूला जे बनते तेच घाटाच्या त्या बाजूला माणसाच्या पाठीखाली नसते, ह्याची मला नेहमी गंमत वाटते आणि थोडी खंतही.

घरच्या शेडला सोसणारी लिफ्ट म्हणजे दोन खांबांची. खांबांना फिरणारे चार हात असतात. ते गाडीच्या ठरलेल्या जागांखाली सारायचे, बटण दाबायचे, मोटर तेल ढकलते आणि गाडी माणसाच्या डोक्यावर जाते. वर जाताना खांबातून खट् खट् असा आवाज येतो. तो खटक्यांचा. ह्या लिफ्टीत सगळ्यांत मोलाची वस्तू कोणती विचाराल तर मी मोटर सांगणार नाही, हा खटका सांगेन. हव्या त्या उंचीला गेल्यावर गाडी किंचित खाली घेऊन खटक्यावर टेकवायची. मग भार तेलावर राहत नाही, लोखंडावर राहतो. तेलाच्या भरवशावर कामाला लागणारा मनुष्य लिफ्टीखाली उभा असला तरी जॅकखाली निजलेल्याहून फारसा शहाणा नव्हे.

पण लिफ्ट विकत घेणे हे सोपे काम. अवघड काम तिच्या खालचे, आणि आपण चुकतो ते इथेच. दोन खांब आणि त्यांच्यावर दोन-अडीच टनांची गाडी, हे सारे तोलून धरतात ते जमिनीत बसवलेले बोल्ट. बोल्ट धरतात ते काँक्रीट. आपल्या परसातल्या फरशीखाली बहुधा दोन-तीन इंचांचे पातळ काँक्रीट असते, आणि त्याखाली खाणीवरून आणून टाकलेली भरणीची माती. अशा जमिनीवर लिफ्ट बसवणे म्हणजे केळीला झोपाळा बांधणे. लिफ्टीबरोबर पुस्तिका येते. तिच्यात काँक्रीटची जाडी आणि प्रत लिहिलेली असते. ती जाडी साधारण सहा इंचांच्या खाली नसते, आणि भरणी मऊ असेल तर खोदून कठीण थराला जावे लागते. काँक्रीट ओतल्यावर पुरते २८ दिवस पाणी पिऊ द्यावे, मगच बोल्ट. गवंडी आठ दिवसांत घाई करील. त्याला चहा पाजावा, पण घाई करू देऊ नये.

उंचीचा हिशेबही आधीच करावा. गाडी वर सहा फूट जाते आणि गाडीची स्वतःची उंची पाच-सव्वापाच फूट. छपराचा खालचा कडा बारा-तेरा फुटांवर नसेल तर एके दिवशी गाडीचे टप छपराला भेटेल. व्हॅन किंवा पिकअप घ्यायची असेल तर आणखी वर जावे लागते. आणि छपराच्या वाशाला किंवा फणसाच्या फांदीला चेनकप्पी अडकवून इंजिन उतरवायची जी आपली जुनी पद्धत आहे, ती आता तरी सोडावी. वासे कौले धरायला घातलेले असतात.

काही जण म्हणतील, लिफ्ट कशाला, खड्डा खणला की झाले. आमच्याकडे जुन्या गॅरेजांत खड्डेच आहेत आणि अवजड टिप्परला आजही खड्ड्याशिवाय गत्यंतर नाही, कारण रिकामा टिप्परच कित्येक टनांचा, तो घरगुती लिफ्टीचा घास नव्हे. पण गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये तो खड्डा विहीर होतो आणि दसऱ्यापर्यंत विहीरच राहतो. दुसरे असे की पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती खड्ड्याच्या तळाशी साचून राहते आणि वर कुणी तारेचा दिवा ओढत आला की एक ठिणगी पुरते. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत एलपीजीही असाच खाली बसतो. सीएनजी मात्र हलका, तो छपराशी जमतो. तेव्हा शेडला जमिनीलगत आणि आढ्याशी, दोन्हीकडे मोकळ्या जागा ठेवाव्यात. चारी बाजूंनी पत्रे ठोकून बंद केलेली शेड चोराला अडवते आणि वाफेलाही अडवते.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याला हसून चालणार नाही. मेकॅनिकच्या परसाशेजारी राहणाऱ्या बाईला दुपारची झोप मिळत नाही, आणि तिच्या विहिरीच्या पाण्यावर रंगीबेरंगी तवंग दिसला तर ती भांडायला येणारच. जळके ऑइल कुंपणाच्या कडेला ओतायची आपली सवय फार वाईट. त्याने वाळवी मरते असे म्हणतात; पण मग पावसात ते कुळागरात जाते, कुळागरातून विहिरीत. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि ते परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडेच गेले पाहिजे. शेडची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती करून तिथे तेल अडवणारी लहानशी टाकी बांधली, आणि जुने तेल पिंपात साठवून ठेवले, तर भांडण निम्मे कमी होईल. पंचायतीचा परवाना आधी घ्यावा हे सांगायला नकोच. पण परवाना कागदावर मिळतो, शेजाऱ्याची संमती मागायला त्याच्या पडवीवर जावे लागते.

ह्या सगळ्याहून मला जास्त बोचते ती आपल्या महाविद्यालयातली एक समजूत. हाताला ग्रीस लागले की शिक्षण वाया गेले, असे आपण मानतो. डिचोलीच्या आयटीआयत मोटार मेकॅनिकचे शिकलेला मुलगा आणि आपल्याकडे बी. ए. झालेला मुलगा एकाच बसने घरी जातात, पण लग्नाच्या बाजारात त्यांचे भाव वेगळे. पदवी घेतलेल्याने परसात शेड काढली तर "एवढे शिकून हेच का?" असे आईच विचारते. आणि तोच मुलगा शहरात चार भिंतींच्या कचेरीत बारा हजारांवर रुजू झाला की पेढे वाटतात. उभ्याने, उजेडात, सुरक्षितपणे आणि थोडा हिशेब ठेवून काम करता आले तर ह्या कामाची इभ्रत वाढेल की नाही? निजून, चिखलात, जीव मुठीत धरून करायच्या कामाला कोणती मुलगी आणि कोणता बाप मान देणार? मला तर वाटते, इभ्रतीचा प्रश्न निम्मा फरशीचा आणि उंचीचा आहे.

विजेच्या गाड्या येत आहेत, मग हे शिकून काय उपयोग, असेही ऐकू येते. विजेच्या गाडीलाही चाके आहेत, ब्रेक आहेत, सस्पेन्शन आहे. आणि तिची बॅटरी पोटाखाली असल्याने ती कुठून उचलावी हे नीट माहीत असलेला माणूस लागतो. लिफ्टीचा हात चुकून बॅटरीच्या पेटीखाली गेला तर साऱ्या गाडीइतकी किंमत मोजावी लागेल. शेड उभारताना म्हणूनच कालच्या टिप्परकडे पाहू नये, पुढच्या वीस वर्षांत दारात काय उभे राहणार ते पाहावे.

खर्च एका घराला झेपत नाही, हे मान्य. तर मग वाड्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून एक शेड घालावी, काँक्रीट आणि लिफ्ट सामाईक, पाने ज्याचे त्याचे. कोणत्या वारी कुणाची गाडी वर जाईल ते वहीत लिहावे, देखभालीचे पैसे डब्यात टाकावेत, वर्षातून एकदा दोर, साखळ्या आणि खटके जाणत्याकडून तपासून घ्यावेत. बचत गट चालवणाऱ्या आमच्या गावच्या बायकांना हे सारे शिकवायला नको. पुरुषांना शिकवावे लागेल. भांडणाचा मुद्दा एकच उरेल, शेडची चावी रात्री कुणाच्या घरी राहील हा, आणि पाळीला मी ओळखतो, तो मिटायला दोन पावसाळे जातील.