माजी विद्यार्थ्याची किंमत

माजी मंत्री आणि माजी विद्यार्थी यांत फरक एवढाच, की माजी मंत्र्याला निदान उद्‌घाटनाची आमंत्रणं तरी येतात.

माजी विद्यार्थ्याची आठवण फक्त तीन वेळा होते. इमारतीवर मजला चढवायचा असला, की देणगीचं पत्र येतं. सिनेटची निवडणूक लागली, की उमेदवार दारात येतो. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने नोंदणीकृत पदवीधरांना सिनेटवर दहा जागा दिल्या आहेत ना! शिवाय मूल्यमापनात 'नॅक'ने माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण ठेवले. मग काय, मेळावा! जन्मभर मार्कांसाठी आम्ही कॉलेजच्या मागे. आता मार्कांसाठी कॉलेज आमच्या मागे!

देणगीला माझी ना नाही. पण बातमी? आमचे मराठीचे सर वारले, हे मला पेपरातल्या चौकटीतून समजलं. सहा महिने अंथरुणावर होते म्हणे. कॉलेजला ठाऊक होतं. मला कळतं तर भेटून आलो असतो. देणगीच्या पत्राला माझा पत्ता बरोबर सापडतो, या बातमीलाच कसा सापडला नाही?

वर्षाकाठी चार पानं पाठवा. कोण निवृत्त झालं, कोण आजारी आहे, कुठला विषय विद्यार्थ्यांअभावी बंद पडतोय, गॅदरिंग कधी आहे. खुर्ची नको, मागे उभं राहून शिट्ट्या मारायचा आम्हांला अनुभव आहे. त्या पानांत पैशांचा 'प'सुद्धा नको.

घरून नुसतं 'पैसे पाठव' एवढंच पत्र यायला लागलं, तर पोटचा पोरगासुद्धा पत्ता बदलतो हो!