गोळी कधी बंद करायची, तेही चिठ्ठीवर लिहा

बाजाराचा दिवस. मेडिकलच्या काउंटरवर घड्या पडून फाटायला आलेली चिठ्ठी सरकते. ‘मागच्याच द्या’ म्हटलं की कात्री दहाच्या स्ट्रिपमधून पाच झोपेच्या गोळ्या कापून देते. चिठ्ठी कधीची, किती दिवसांची, हे कोणी वाचत नाही. वाचायला गेलं तर बहुतेकदा ते लिहिलेलंच नसतं.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम या झोपेच्या गोळ्या १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात नोंदवायची, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियम कडक आहे, कागदावर.

नैराश्यावर या गोळ्या इलाज नव्हेत. काही आठवड्यांतच त्यांची सवय लागते. रोज घेणाऱ्याने एकदम सोडल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. नैराश्यावरची फ्लुओक्झेटिन मात्र गुण दाखवायला दोन-चार आठवडे घेते आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. एवढं कोणी समजावून सांगितलं नाही तर रुग्ण पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून खरं औषध सोडतो आणि त्याच रात्री झोप आणणारी गोळी वर्षानुवर्षं धरून बसतो. चूक त्याची नाही.

आपला जालना जिल्हा शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आहे. आशाताई घरोघरी जाऊन खचलेली माणसं हुडकतात. काम मोलाचं. पण हुडकलेल्याच्या हाती कोणती गोळी पडली आणि तीन महिन्यांनी ती तपासली कोणी?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार ग्रामीण रुग्णालयापासून वर, सरकारी दवाखान्यांत मनाच्या आजारावरची अत्यावश्यक औषधं मोफत मिळायला हवीत. फुकटची गोळीही चुकीची असू शकते! म्हणून मागणी अशी: प्रत्येक चिठ्ठीवर आजाराचं नाव, औषधाची मुदत आणि फेरतपासणीची तारीख असावी. जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने दर तिमाहीला ग्रामीण रुग्णालयातल्या चिठ्ठ्या चाळाव्यात. महिन्याच्या वर चाललेली झोपेची गोळी, रक्त न तपासता दिलेलं लिथियम, मूल होण्याच्या वयातल्या बाईला दिलेलं व्हॅल्प्रोएट, हे आधी शोधावं. यासाठी यंत्र लागत नाही, वही-पेन पुरतं.

आणि वाचकहो, हे वाचून चालू गोळी परस्पर बंद करू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा: कशासाठी, किती दिवस, कशी थांबवायची? मन फार खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.