‘कंपनीने दिली तशीच’ या भ्रमाचा इतिहास

टर्बो इंजिनाची हॅचबॅक बाळगणाऱ्या मराठी माणसाला दोन जातींचे उपदेशक भेटतात. पहिला म्हणतो, कंपनीच्या अभियंत्यांना अक्कल आहे, गाडी दिली तशीच ठेवावी. दुसरा म्हणतो, ‘स्टेज वन’ करून टाक, अर्ध्या तासाचे काम आहे. पहिल्याला सभ्य समजले जाते आणि दुसऱ्याला उनाड. इतिहास मात्र या दोघांच्याही बाजूने उभा राहत नाही. कायद्याने पहिल्याची बाजू घेतली, त्यामुळे दुसऱ्याचा धंदा वाढला, आणि या दोघांच्या मधोमध उभा असलेला विचारी मालक बेवारस राहिला.

प्रारंभ मुळापासून करणे बरे. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूवर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची सोय, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद. पहिली काही दशके हे यंत्र जहाजांत, विमानांत आणि मोठ्या डिझेल इंजिनांत रमले. घरगुती मोटारीत ते आले १९६२ मध्ये, अमेरिकेत.

त्या वर्षीची ओल्ड्समोबिल जेटफायर ही कथा ‘कंपनीने दिली तशीच’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. टर्बोमुळे इंजिनात उष्णता वाढते आणि इंधन वेळेआधीच पेटून ‘नॉकिंग’ होते; ते टाळण्यासाठी कंपनीने पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी दिली. मालकांनी ती टाकी वेळेवर भरायची होती. पुष्कळांनी भरली नाही. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब कमी केला जाई आणि गाडी मरगळे. तक्रारी इतक्या वाढल्या, की पुढे कंपनीने स्वतःच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. आपले मूळ रूप कंपनीनेच मोडले. कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी हा अंतिम शब्द नसतो. ती त्या वेळचा खर्च, त्या वेळचे इंधन, त्या वेळचे नियम आणि सरासरी मालकाचा आळस यांच्यात झालेली तडजोड असते.

कुटुंबाच्या गाडीत टर्बो खऱ्या अर्थाने शहाणा झाला तो स्वीडनमध्ये. साब ही मुळात विमाने बनवणारी कंपनी. १९७७ मध्ये तिने ९९ टर्बो लोकांपुढे आणली. मागे वर उघडणारा दरवाजा, मागच्या बाकावर मुले, डिकीत सामान, आणि बॉनेटखाली दोन लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती. पेर गिलब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या टर्बोचा मोह टाळला. त्यांनी लहान टर्बो निवडला आणि दाब मर्यादेत ठेवणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, वापरली. त्यामुळे शर्यतीच्या वेगात नव्हे, रोजच्या वेगात ताकद मिळू लागली. १९८०च्या दशकाच्या आरंभी याच कंपनीने नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवून टर्बोचा दाब आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा आणली. इंधन हलके असले तर गाडी स्वतःच माघार घेई. आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याच यंत्रणेचा वंशज आहे. ‘स्टेज वन’ विकणारा ज्या आकड्यांत फेरफार करतो, ते आकडे या इतिहासातून आलेले आहेत.

आता पुणे जिल्ह्याकडे वळू, कारण भारतातील टर्बो हॅचबॅकचा बराचसा इतिहास या एका जिल्ह्यात घडला. रांजणगावला फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होई. त्याच रचनेचे इंजिन मारुतीने २००७ मध्ये स्विफ्टमध्ये घातले, आणि नंतर इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत ते गेले की लोक त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. ज्या घरांनी टर्बो हा शब्दही उच्चारला नव्हता, त्या घरांच्या दारात टर्बो उभा राहिला. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१३ मध्ये तिथून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली: १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर, सात गिअरचा दुहेरी क्लच. २०२०च्या नियमांनंतर तिला १ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले, आणि २०२२ मध्ये पोलोचे उत्पादनच थांबले.

रांजणगावचेच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. फियाटचे १.४ लिटर टी-जेट पेट्रोल इंजिन लिनिआत सुमारे ११४ अश्वशक्ती देई. २०१५ मध्ये त्याच जातीचे इंजिन अबार्थ पुंटो या हॅचबॅकमध्ये आले तेव्हा आकडा १४५ झाला. पण आकडा एकटा आला नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, गाडी जमिनीकडे झुकवलेली होती, सस्पेन्शन कडक होते. आणि अबार्थ हे नाव तरी कुठून आले? कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत काढलेली ही संस्था फियाटच्या साध्या गाड्यांसाठी सायलेन्सर आणि ताकद वाढवणारे संच विकत असे. साठच्या दशकात छोट्या फियाटचा कायापालट करणारे सुटे भाग पेटीत भरून मिळत. १९७१ मध्ये फियाटने ती संस्थाच विकत घेतली. बाहेरच्या माणसाने केलेला बदल कंपनीला इतका आवडला की तिने त्या माणसाचे आडनाव आपल्या गाडीवर लावले. ‘मॉडिफिकेशन म्हणजे उनाडपणा’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि ज्या कंपनीच्या अकलेवर सर्व भार टाकायचा, तिचे काय? १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. डिझेल गाड्यांचे सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरत होते. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न निघाला. भारतात एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. भारतीय नियम मोडले नाहीत, ही कंपनीची भूमिका कायम राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि दोन महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरील सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. प्रकरणाचा न्यायनिवाडा ज्याने त्याने वाचावा. इथे मुद्दा एवढाच, की ईसीयूच्या आकड्यांशी खेळण्याचा इतिहासातील सर्वांत मोठा प्रकार भोसरीच्या किंवा वाकडच्या एखाद्या गॅरेजात घडला नाही. तो मुख्यालयात घडला.

पहिल्या उपदेशकाची ही गत. दुसऱ्याची याहून बरी नाही.

‘स्टेज वन’ या शब्दातच लबाडी आहे. पायरी पहिली म्हटली की माणसाला वाटते, प्रवास इथूनच सुरू करायचा असतो. वस्तुतः ताकद ही शेवटची पायरी आहे. ताशी १०० किलोमीटरऐवजी १२०ने धावणाऱ्या गाडीतील ऊर्जा २० टक्क्यांनी नव्हे, ४४ टक्क्यांनी जास्त असते, आणि ती सारी ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडावी लागते. पोलो जीटीला मागे डिस्क नव्हते, ड्रम होते. तिच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची सहनमर्यादा २५० न्यूटन मीटर. १७५ वरून वर जाताना हात सैल सोडला की मधले अंतर झपाट्याने संपते. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना इंजिनात जाणारी हवा तापते, नॉकिंगचा धोका वाढतो, आणि वाढीव नकाशा ९५ ऑक्टेनवर बेतलेला असताना टाकीत ९१चे साधे पेट्रोल असेल तर संगणक ताकद मागे घेतो. मालकाने पैसे मोजले कशासाठी, हा प्रश्न मग त्यानेच स्वतःला विचारायचा असतो.

म्हणून शहाण्या मालकाच्या गाडीचा इतिहास उलट क्रमाने लिहिलेला आढळतो. पहिली दोन वर्षे तो काहीच बदलत नाही. गाडी कुठे डगमगते, कुठे दम सोडते, हे पाहतो. मग टायर, कारण गाडीचा रस्त्याशी संबंध हाताच्या तळव्याएवढ्या चार तुकड्यांपुरताच असतो. मग ब्रेकचे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल. मग शॉकअॅब्सॉर्बर, तेही गाडी जमिनीला टेकवण्यासाठी नव्हे, कारण महापालिकेचे गतिरोधक कोणत्याही अभियंत्याच्या हिशेबात बसत नाहीत. तेल बदलण्याचे अंतर कमी, स्पार्क प्लग वेळेवर. हे सारे जागेवर आले, की मग सॉफ्टवेअर, तेही माफक. या क्रमाचे छायाचित्र काढून मिरवता येत नाही, हीच त्याची खरी अडचण आहे. सतरा इंची चाके आणि फटाके फोडणारा एक्झॉस्ट मिरवता येतात. ज्याने ‘स्टेज टू’च्या नावाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला, त्याने तर शेजाऱ्याच्या लेकराच्या फुप्फुसाशी व्यवहार केला आहे, त्याला डिझेल घोटाळ्यावर तोंड उघडण्याचा अधिकार उरत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कठोरपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले: परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेतू चांगला आहे. परंतु चांगला ब्रेक बसवणारा आणि कन्व्हर्टर उपटणारा यांच्यात भेद करण्याची रीत त्यातून उभी राहत नाही. दोघांनाही आरटीओच्या खिडकीवर सांगण्यासारखे काही नसते, म्हणून दोघेही गप्प बसतात.

या गप्प बसण्यावर जर्मनीने दीडशे वर्षांपूर्वीच उपाय शोधला होता, आणि तो मोटारीसाठी नव्हता. १८६५ मध्ये मानहाइम शहरातील एका दारूभट्टीत वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्या वर्षी बॉयलरच्या मालकांनीच एकत्र येऊन तपासणीची संस्था काढली. सरकारने दंडुका उगारण्याआधी मालकांनी आपल्या यंत्राची परीक्षा आपणहून मागितली. आजच्या ट्यूफ संस्थांचे मूळ तिथे आहे. जर्मनीत गाडीला वेगळे चाक, वेगळे सस्पेन्शन किंवा वाढीव ताकदीचे सॉफ्टवेअर बसवायचे असेल तर त्या भागाचे प्रमाणपत्र असते, परीक्षक गाडी तपासतो आणि गरज असेल तिथे बदल गाडीच्या कागदांत नोंदवला जातो. विमा कंपनीला कळते, पोलिसाला कळते, पुढच्या गिऱ्हाइकाला कळते.

भारतात हे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने सीएनजी किट आठवावे. सुमारे २०० बार दाबाची टाकी मुलांच्या पाठीमागे डिकीत बसवण्याची परवानगी हाच कायदा देतो. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा, टाकीची ठरावीक मुदतीने दाबचाचणी आणि नोंदणी पुस्तकात नोंद, इतकी साधी रीत त्यासाठी आहे. टर्बोचा दाब जेमतेम एक बारच्या आसपासचा. २०० बारसाठी जी व्यवस्था उभी राहू शकली, ती एका बारसाठी का राहू नये? वाहनांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय पुण्यातच वेताळ टेकडीवर १९६६ पासून उभी आहे. टायर, ब्रेक, शॉकअॅब्सॉर्बर आणि ठरावीक मर्यादेतील सॉफ्टवेअर यांना मान्यता देण्याइतके ज्ञान तिथे नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. कमतरता ज्ञानाची नाही, फॉर्मची आहे.

या फॉर्मच्या अभावाची किंमत कोण चुकवतो, हे पाहायचे तर जुन्या गाड्यांच्या बाजारात जावे. पोलोचे उत्पादन थांबल्यापासून चांगल्या जीटी टीएसआयला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. विकण्याच्या आदल्या आठवड्यात नकाशा पुन्हा मूळ केला जातो, मूळ एक्झॉस्ट माळ्यावरून खाली उतरतो, आणि ६० हजार किलोमीटर जास्त दाबाखाली राबलेला क्लच ‘सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड’ या चार शब्दांत दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. तो घेणारा बहुधा तरुण असतो, त्याने कर्ज काढलेले असते, आणि पहिल्या मालकाने विमा कंपनीला न कळवलेल्या बदलाचे उरलेसुरले अवशेष अपघातानंतर सर्वेक्षकाला सापडले तर दावा त्याचा अडकतो. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, इंधन लिहिलेले असते, सीएनजी किट असेल तर तेही लिहिलेले असते. बाकीच्या रकान्यांत कोणी काही विचारलेलेच नसते.